पाप लागतं म्हणून

मी निरगुडसरचा, जन्म तिथलाच, बापाची थोडी जमीन व्हती, आता कांदा-बटाटा करतो आन पिकअपमधी भरून मंचरला मार्केटात नेतो, येवढंच आपलं आयुष्य. पण काय सांगू भाऊ तुमाला, यात एक गोष्ट मी बोललो, ती गावात कुणी बोललं नसंल.

बायको माझी सुमन, पिंपळवंडीची. लगीन झाल्यापासून मला तिचं पाय लई आवडायचं. तोंड देखणं हायेच, पण पाय राव! बटाटा येचून आली की टाचंला माती, भेगा, जोडवी झिजल्याली. वाटायचं, मांडीवर घ्यावं, गालाला लावावं. हसा, हसा, मला काय न्हाई वाटत.

पण नवऱ्यानं बायकोचं पाय धरायचं म्हंजी उलटीच गंगा, म्हणून लई दिवस गप व्हतो. मग एकदा दुपारी घरात कुणी न्हवतं, सरळ म्हणलं, सुमन, मला तुझं पाय आवडत्यात, जरा धरू दे. ती म्हणली, ऊन लागलं का तुमाला. मी धरला पाय, तर ताडकन उठली आन माझ्याच पाया पडली, म्हणली मला पाप लागंल. पुढं तसंच चाललं, मी धरायचा, तिनं वाकायचं, मी परत धरायचा, तिनं परत वाकायचं. ह्याला काय लाड म्हणायचं का! मला वाईट वाटाया लागलं, आपल्यापायी बायकोला भ्या वाटतंय तर कसली आवड आन कसलं काय. सांगून टाकलं, आजपासून न्हाई धरणार, तुझ्या मनाला लागंल ते मला नको.

आठवडा तसाच गेला. मग एक दिवस वावरातनं आली ती पाय न धुताच खाटंवर माझ्याजवळ बसली. खाली बघत म्हणली, मला बी आवडायचं वो. म्हणून तर भ्या वाटायचं. तुमी धरलं तर पाप तुमी केलं, पण मला आवडलं म्हंजी ते माझंच झालं की. आन असं म्हणून पाय ठिवला माझ्या मांडीवर, मातीसकट. माझ्या डोळ्याला पाणी आलं, खोटं नाय सांगत.

तवापासनं नमस्कार बंद. तुमचं लगीन झालंय ना भाऊ? मग बोलत जावा घरी, देव भलं करंल. आता मी दमून आडवा झालो तरी ती पाय सरकवती, म्हणती, धरा की. म्हणलं आज हात दुखत्यात, तर म्हणती, सवय कुणी लावली?

धरतो मग. काय करता!