एकेचाळीस दिवसांचं ध्यान

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सबाईंनी थेंब घातले आणि वीस मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. शिंपीकाका मुकाट्याने बसले. शेजारच्या म्हातारीलाही तेच थेंब घातले होते, आणि तिच्यासोबत तिचा मुलगा होता. काकांना दिसत काही नव्हतं, कान मात्र उघडे होते.

“आई, नाहीतरी डोळे मिटलेच आहेत, तर ध्यानाचं ॲप लावतो. काल तुझा दिवस चुकला.”

“काल सकाळी मी चांगली तासभर बसले होते.”

“पण फोनवर ॲप लावलं नव्हतंस ना. एकेचाळीस दिवस सलग झाले होते, आता पुन्हा एकपासून.”

“माझी शांती मोजणारा तो कोण लागून गेलाय? दुपारी भाजी निवडत होते, तर मेला खणखणला. म्हणे, आज तुम्ही शांत झाला नाहीत. शांतच होते मी, तो खणखणेपर्यंत.”

“अगं, तुझ्याच भल्यासाठी आहे ते. तू बसलीस की नाही, ते मलाही कळतं.”

“त्याला फोन लागतो तुला?”

“मग कळणार कसं?”

“मी बसले होते तेव्हा तू समोरच्याच खुर्चीत होतास.”

“कधी?”

“काल सकाळी, तासभर. मान खाली घालून. आत्ताही माझे डोळे मिटलेत, तुझे उघडे आहेत. कुणाकडे बघतोयस, खरं सांग.”

शिंपीकाकांनी कान टवकारले. उत्तराऐवजी एक नाजूक घंटा वाजली, आणि फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “आता फक्त श्वासाकडे लक्ष द्या.”