क्लेमकडचा डबा

क्लेम : ...घाटात जागोजागी झाडं आडवी पडलीत. पण आणला बघ तुझा डबा, पाण्याचा थेंब लागू दिला नाही. रोवेना, चहा टाक. आता तुझी लेक पिया बोलायला लागेल.

रोवेना : जनरेटरवर किटली लावली तर म्हणे याचं फोटो-निरोप साठवायचं यंत्र बंद पडेल. कोमट बिअर आहे, चालेल?

क्लेम : चक्रीवादळानंतर सगळं चालतं. डीनो, जोड की. असा काय बघत बसलायस?

डीनो : क्लेम, तू आधी बस.

क्लेम : बसतो नंतर. माझा डबा तुझ्या घरी, तुझा माझ्या घरी, ही युक्ती तुझीच ना? एकाचं घर उडालं तर दुसऱ्याकडे सगळ्याची नक्कल शाबूत. तुझं तर घरही उडालं नाही.

डीनो : घर नाही उडालं. वीज गेली, मग बॅटरी संपली आणि यंत्र बंद पडलं. एकदा बंद पडलं की ते स्वतःला कुलूप लावून घेतं. चालू करताना पासवर्ड मागतं.

क्लेम : मग दे त्याला.

डीनो : वादळाच्या आदल्या दिवशीच बदलला होता. लांबलचक, काही अर्थ नसलेली अक्षरं. असला पासवर्ड कोणी पाठ करत नाही.

रोवेना : ठेवला कुठे तेही सांग. मला सांगितलंस तसंच सांग.

डीनो : पासवर्डांच्या तिजोरीत.

क्लेम : आणि तिजोरी कुठे?

डीनो : त्याच यंत्रात. एक प्रत माझ्या फोनमध्ये होती. फोन खिशात ठेवून छपरावर ताडपत्री बांधायला चढलो. वाऱ्यात निसटला, नाल्यात वाहून गेला.

क्लेम : गाढवपणा केलास. पण म्हणून तर हा डबा आहे ना? यात सगळ्याची नक्कल आहे.

डीनो : आहे. पण त्यालाही कुलूप आहे. किल्ली त्याच तिजोरीत.

क्लेम : माझ्या घरात ठेवलेल्या डब्याला कुलूप? शाळेपासून ओळखतोस मला.

डीनो : अविश्वास नव्हता गड्या. पद्धतच असते तशी. परक्या घरी ठेवायचं ते कुलूप लावूनच. तुझ्या डब्यालाही मीच लावून दिलंय.

क्लेम : त्याची किल्ली?

डीनो : तीपण.

क्लेम : धन्य आहेस. माझं जाऊ दे, माझं यंत्र चालू आहे, आणि गेलं तरी केळीच्या घडांचे फोटो जातील. हिचं बोल.

रोवेना : येईल त्याला समोर बसवून सांगायचास, माझे सगळे प्रोग्रॅम उघडे आहेत, कोणीही आत डोकावून बघावं. आता डोकाव ना.

डीनो : प्रोग्रॅम कसा बनवलाय ते उघडं असतं, रोवेना. आत ठेवलेलं नाही. ते कुलूप फोडता येत असतं तर मी ते घेतलंच नसतं.

क्लेम : ब्रिस्बेनला कोणी असेल. एवढी हुशार माणसं आहेत तिकडे.

डीनो : विचारलं. तुझ्या आधी त्यांनाच फोन केला, शेजाऱ्याच्या फोनवरून. कोणी होय म्हणालं नाही.

रोवेना : आणि तरी याला घाटातून यायला लावलंस?

डीनो : वाटलं, हा डबा तरी बिनकुलपाचा राहिला असेल. एखाद्या वेळी माणूस विसरतो. क्लेम डबा घेऊन येताना दिसला, आणि कुलूप लावल्याचं लख्ख आठवलं.

रोवेना : माझी बहीण दर महिन्याला पासवर्ड विसरते. कंपनी नवा देते. तिचे फोटो जागच्या जागी आहेत.

डीनो : त्याच कंपनीने पियाचे हॉस्पिटलमधले, केस गेल्यानंतरचे फोटो नाचऱ्या गाण्यावर लावून पाठवले होते. तिला मातीत ठेवून आठवडा झाला नव्हता. खाली विगांची जाहिरात.

रोवेना : मला आठवतंय. मीही तेव्हा जेवले नव्हते. तू म्हणालास, माझी पोर परक्याच्या दारात राहणार नाही. आणि तिकडचं सगळं माझ्या हातानं पुसून घेतलंस. तिच्या आवाजातला तो फोनवरचा निरोपसुद्धा. मी पुसला, कारण तू म्हणालास इथे घरच्या यंत्रात कायम राहील.

क्लेम : मी... मी जनरेटरमध्ये तेल आहे का बघून येतो.

(क्लेम डबा टेबलावरच ठेवून मागच्या दाराने बाहेर जातो.)

डीनो : मी प्रयत्न करत राहीन. रोज करीन.

रोवेना : नको. मला फक्त एक सांग. वादळापासून ऐकलेला नाही तो निरोप, म्हणून घोळ होतोय माझा. ती आधी हसते आणि मग ‘ममा’ म्हणते, की ‘ममा’ म्हणून हसते?

डीनो : मला नाही माहीत.

रोवेना : आठव ना. रोज सकाळी इथेच लावायचे मी.

डीनो : तू लावलास की मी कोंबड्यांना दाणे टाकायला जायचो. धीर नव्हता होत. पुढे कधीतरी ऐकू म्हटलं, आहे तर घरातच.

रोवेना : एकदाही नाही?

डीनो : नाही.

रोवेना : क्लेमला आत बोलाव. बाहेर ऊन फार आहे.