मागच्या खोलीतलं ऑर्किड

माझा जन्म मंगळवार पेठेतला. घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला त्यानंतरची मी, म्हणून वडिलांनी हौसेनं नाव ठेवलं गौतमी, पोरगी शांत निघेल असं त्यांना वाटलं असणार, ती कशी निघाली ते माझ्या सासूबाईंना विचारायला हवं होतंत, त्या आता नाहीत म्हणून मी निवांत बोलतेय. मॅट्रिक झाले आणि हडपसरला टीव्ही बनवायच्या कारखान्यात लागले, सोल्डरिंगला. दिवसभर डोळे बारीक करून तारा जोडायच्या, हात असा स्थिर की काय सांगू तुम्हाला, पण डोकं? डोकं अगदीच कच्चं.

म्हणजे बघा, नवरा मिळाला महापालिकेच्या बागेतला माळी. हा माणूस घरी येताना रोज काहीतरी आणायचा, कधी चाफ्याची फुलं, कधी डालड्याच्या डब्यात लावलेलं रोप, आणि ही महाराणी नाकाला पदर लावून म्हणायची, चिखल नको हो घरात. कारखान्यातनं सवलतीत घेतलेला रंगीत टीव्ही, त्याच्यावर मी विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीत प्लास्टिकची जांभळी फुलं. दर रविवारी ती साबणाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवायची, वर ह्यांना ऐकवायचं, बघा, ना पाणी ना खत, आणि मरतही नाहीत, तुमची मेली दोन दिवसांत माना टाकतात. हे नुसते त्या फुलांकडे असे बघायचे, जसा काही मी घरात दुसराच कुणी आणून बसवलाय.

मग बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यांचे टीव्ही आले, आमचा कारखाना बंद पडला. गेटवर आम्ही सगळ्या बायका रडलो, सगळ्यांत मोठ्यांदा मी, कारण मला वाटायचं माझ्यावाचून ह्या देशात टीव्ही लागणारच नाही. लागला की. घरोघर लागला. मी मशीन घेऊन ब्लाउज शिवायला बसले, मुलगी रश्मी शिकली, हिंजवडीला आयटीत लागली, तिच्या जोरावर धानोरीला हा तळमजल्यावरचा फ्लॅट झाला. ऊन छान यायचं हो इथं. मग शेजारी तो टॉवर उभा राहिला, आणि आता भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत.

ह्यांच्याकडे येते, थांबा. हे निवृत्त झाल्यावर बाथरूममध्ये घसरून पडले, खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले, आजोबा, आता वॉकर धरायचा आणि चालायचं, नाहीतर खाट कायमची. हे हॉलमधल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, काका प्लीज, काका प्लीज करायची, हे डोळे मिटून घ्यायचे. पुन्हा पडायची भीती बसली होती, कबूल करतील तर शपथ. मी रडले, भांडले, एकदा जेवणही टाकलं, म्हणजे दुपारपर्यंतच. तर म्हणाले, चालून जायचंय कुठं मला? आणि खरं सांगू, बाहेर टॉवरची भिंत, आत ट्यूबलाइट. पण मी ठरवलं, ह्या माणसाला उठवल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही.

तेवढ्यात रश्मीला ऑफिसात कसल्याशा समारंभात ऑर्किडची कुंडी मिळाली, फुलं गळल्यावर टाकून देत होती, मी म्हटलं, आण इकडे. ऊन तर नाही, म्हणून तिनं झाडं वाढवायचे एलईडीचे दिवे मागवले. मागच्या खोलीत, जिथं गाद्या आणि जुना कूलर असतो, तिथं फळीवर कुंडी ठेवली, वर दिवे टांगले, तारा मीच जोडल्या. खोली सगळी गुलाबी-जांभळी. समोरच्या वहिनी विचारायला आल्या, ब्युटी पार्लर काढलंत का? म्हटलं, हो, पण दुरुस्तीची कामं घेत नाही.

आता माझी अक्कल बघा. जास्त उजेड तर जास्त फुलं, म्हणून दिवे रात्रंदिवस चालू. आणि तुळशीला घालावं तसं रोज तांब्याभर पाणी. चार-सहा दिवस हे त्या उजेडाची तिरीप बघत राहिले असणार, मग एकदम हॉलमधून ओरडले, गौतमे, झाडाला झोप नको का? संध्याकाळी बंद कर ते दिवे! आणि रोज पाणी ओतू नकोस, मुळं कुजवशील!

मी तांब्या घेऊन तशीच उभी. किती दिवसांनी ऐकला तो आवाज, बागेत फुलं तोडणाऱ्यांना हाकलायचे तेव्हाचा. म्हटलं, गौतमी, औषध सापडलं.

मग काय, दिवे वेळेवर बंद व्हायला लागले, पाणी आठवड्यानं, सगळं ह्यांनी सांगितलं तसं. पण तोंडानं उलटंच. अहो, चहाचा चोथा घातला हं कुंडीत. हे उठून बसले. अहो, ह्या कुंडीत मातीऐवजी सालपटंच भरलीत, ती काढून काळी माती भरते. पाय खाली आले. पानं मात्र खरंच तांबूस पडली होती, ते सांगितल्यावर वॉकर ओढून उभेच राहिले, अगं दिवे जवळ आहेत, वर घे, असं ओरडून परत बसले. व्यायामाची मुलगी खूश, माझ्यामुळे काकांची किती प्रगती! मी म्हटलं, तर काय. पण हॉलचं दार काही ओलांडेनात.

हिवाळ्यात पानाच्या बुडातनं काहीतरी हिरवं वर निघालं. मी कात्री उचलली आणि आवाज चढवला, अहो, एक मूळ वेडंवाकडं वर निघालंय, कापून टाकते. तिकडून, टोक कसलंय? मी म्हटलं, चपटं, हिरवंगार. थांब! अगं दांडा आहे तो, फुलांचा दांडा! मी म्हटलं, तुम्हाला तिथनं काय दिसतंय, कापतेच मी.

आणि वॉकर वाजला. ठक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत ठक्. मी पाठमोरीच उभी राहिले, वळले असते तर धावत जाऊन हात दिला असता, आणि मग सगळंच मुसळ केरात. कात्री मात्र दांड्यावरून हलू दिली नाही, सोल्डरिंगवालीचा हात. शेवटी मागे दारातून धापा टाकत आवाज आला, कात्री ठेव खाली. ठेवली.

फुललं ते जांभळं. रश्मी फोटो काढत होती, हे स्टुलावर बसून कितीतरी वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, गौतमे, अगदी प्लास्टिकचं वाटतंय गं. लग्नापासून पोटात ठेवलेलं वाक्य, बाहेर पडलं एकदाचं! मी म्हटलं, मग रविवारी साबणात बुडवू का?

आता त्या खोलीत मला मज्जाव आहे. म्हणतात, तुझा भरवसा नाही, तू तो दांडा कापला असतास. काय विचारताय, मला दांडा ओळखू येत नव्हता? अहो, उभा जन्म माळ्याच्या घरात काढलाय मी. पण हे त्या तुमच्या रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये राहू देऊ नका बरं, त्यांचे कान अजून शाबूत आहेत. ऐका, वॉकर वाजला. दिवे बंद करायची वेळ झाली, स्वतःच निघालेत. तुमच्याही घरची माणसं अशीच हिंडतीफिरती राहोत, आपल्यावर चिडून का होईना.