हरकतींची संख्या एक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय तात्या राणे, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती गुणाजीमामा, लक्ष्मीमामी आणि दाटीवाटीने बसलेल्या माझ्या चाळकऱ्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

मी शैला परब, चाळ कमिटीची सेक्रेटरी. मामांबद्दल चार शब्द बोल, असं तात्यांनी फर्मावलं. चार शब्दांत मामा मावतात होय? ब्याऐंशीच्या संपात मामांची गिरणी सुटली, पण लालबागची तिसऱ्या मजल्यावरची खोली त्यांनी सोडली नाही. मामींनी तिथेच खानावळ चालवली. इथल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचं खाल्लंय, खोटं असेल तर हात वर करा!

तर ते सरकारचं नवं विधेयक. क्षेपणास्त्रं आणि ड्रोन यांच्यापासून देशाचं संरक्षण. नाही कोण म्हणेल? पेपरात वाचून मीसुद्धा खूश झाले. मग मसुद्याला जोडलेल्या यादीत आपल्याच चाळीची गच्ची निघाली. गच्चीवर रडार, म्हणून तिसरा मजला रिकामा करायचा. हरकतींना पंधरा दिवस. आणि कुठले पंधरा दिवस? गणपतीचे! अख्खी चाळ कोकणात. मामांच्या भावकीत सुतक, म्हणून ते तेवढे इथे.

त्यांनी मला तीनदा फोन केला. "गो शैला, कमिटीचो शिक्को खंय आसा?" शिक्का माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे, मी कणकवलीत. म्हटलं, "मामा, गौरी जाऊ देत, मगे बघूया."

मामा एकटेच अर्ज देऊन आले. उत्तर आलं: हरकतींची संख्या एक, सबब यादी कायम. परत आल्यावर आम्ही एकसष्ट सह्या आणि शिक्का घेऊन धावलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "मुदत संपली, बाई." वकील झाले, पुढारी झाले. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे म्हटलं, की पुढे काय बोलायचं हो? आम्ही सह्यांचे कागद घेऊन घरी यायचो.

विधेयक अजून मंजूर व्हायचंय. मामा मात्र उद्याच गावी निघालेत. म्हणतात, "गिरणीच्या गेटावरसून एकदा हाकलल्यानी. आता घराच्या दारातसून नको."

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि सगळ्यांचा चहा बघणाऱ्या चंपाचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. मामा, तुमची माफी मागायला मला तोंड नाही. शिक्का आज पर्समध्ये घेऊन आलेय. कशाला, ते विचारू नका.