कोपऱ्यातला अंगठा

आता तुम्हीच सांगा, चित्र इतक्या लवकर होतं का कधी? साधा मंगळवार, मी मोजे वाळत घालत होतो, एका मोज्याचा जोडीदार सापडत नव्हता, आणि तेवढ्यात त्या चित्रकाराचा फोन, "काका, तुमचं झालंय, घेऊन जा." झालंय? अरे, आत्ता कुठे फोटो दिला होता! फोटोवरून हाताने रंगवतो म्हणाला होता ना हा? मी संशयी नाही हो, पण विचारायला काय जातं? म्हणून विचारलं, हातानेच केलंय ना? तर म्हणतो, "नाही काका, पायाने."

थांबा, आधी फोटोचं सांगतो. आमच्या घरात फोटो काढायची ती ही. म्हणजे माझी बायको. सहल असो, लग्न असो, मुलीचा पहिला दात असो, कॅमेऱ्यामागे हीच, त्यामुळे फोटोंत मी ढीगभर आणि ही कुठेच नाही... एक पासपोर्टचा आहे, तो तिलाच आवडायचा नाही. पण हिची एक खोड होती. दर फोटोत कोपऱ्यात हिचा अंगठा यायचाच, धूसर, गुलाबी. मी वैतागायचो, अगं अंगठा काढ! तर म्हणायची, "तुम्ही आधी पोट आत घ्या, मग काढते."

मागच्या हिवाळ्यात ही गेली. लेक म्हणाली, बाबा, तुमच्या आवडत्या फोटोचं चित्र करून घ्या, भिंतीवर काहीतरी हवं. मी निवडला घर बदललं त्या दिवशीचा, जिन्यात मी खुर्ची डोक्यावर घेऊन उभा. का, तर अंगठा सगळ्यात मोठा त्यातच आलाय.

आता या चित्रकार लोकांचा काही भरवसा आहे का? आमच्या शेजाऱ्याने स्वतःचं चित्र करून घेतलं, तर त्यात तो स्वतःच्याच जावयासारखा दिसतो! मी संशयी नाही हो, पण फोटो देतानाच बजावलं, केस वाढवायचे नाहीत, रंग उजळायचा नाही, पोट आहे तेवढंच ठेवायचं, शर्टाचं वरचं बटण तुटलंय ते तुटलेलंच राहू द्यायचं. तो मान डोलावत होता. इतकी मान डोलावणाऱ्या माणसाचाही मला संशय येतो.

तर गेलो लेकीला घेऊन. चित्र बघण्याआधी मागून बघितलं, छापलेलं तर नाही ना. वास घेतला. तिरकं धरून बघितलं. मग हळूच नखाने... "काका, खरवडू नका, ओलं आहे." नख निळं झालं. म्हणजे रंग खरा होता. लेक कानात म्हणाली, "बाबा, तो चित्रकार आहे, पाकीटमार नाही." अगं, पण विचारायला काय जातं?

मग समोरून बघितलं. केस होते तेवढेच, म्हणजे नव्हतेच. पोट अगदी मन लावून काढलेलं. बटण तुटलेलं. माणूस प्रामाणिक निघाला हो, आणि माझी पंचाईत झाली, आता संशय घ्यायचा तरी कशाचा?

आणि कोपऱ्यात नजर गेली. तिथे जिन्याची भिंत होती. नुसती पिवळी, स्वच्छ भिंत, अगदी कडेपर्यंत.

म्हटलं, "इथे काहीतरी होतं."

"हां, कुणाचा तरी अंगठा आला होता. काढून टाकला. सगळेच काढायला लावतात, काका. तिथली भिंत मी मनाने रंगवली, कळतंय का कुठे?"

कळत नव्हतं. खरंच सांगतो, फार सुरेख भिंत होती.

लेकीने माझा हात घेतला आणि रुमालाने नखाचा निळा रंग पुसत बसली. चित्रकार एकदा तिच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. हळूच म्हणाला, "का काका, ठेवायचा होता?"

मी म्हटलं, छान झालंय, बांधून द्या. त्याची काय चूक? मी सांगितलेलं त्याने सगळं ऐकलं होतं. केस, रंग, पोट, बटण... सगळ्या सूचना माझ्याबद्दलच्याच. अंगठा राहू द्या, एवढं सांगायचं राहून गेलं.