भाच्याच्या टाकीतले बुडबुडे

पीएचडीवाल्या पोराचं लग्न जमवणं किती अवघड असतं, ते मला विचारा. आमचा प्रफुल्ल, म्हणजे माझा भाचा, रसायनाच्या बंद टाकीत द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे कसे वर चढतात, ते कॉम्प्युटरवर मांडतो. दोन स्थळं हातची गेली होती. तिसऱ्या मुलीचे वडील देवळीहून आले, आणि हे ऐकताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आपला वर्धा जिल्हा पडला दारूबंदीचा, हातभट्ट्या लागतात त्या नाल्याकाठी लपूनछपून!

"बंद टाकी, खालून आच, वर वाफ. पाच वर्षांपासून हेच करून राह्यला तू?"

"हो काका, पण कॉम्प्युटरवर."

"पकडला गेलता का कधी?"

मी मध्ये पडलो. "भाऊ, त्यातून एक थेंब नाई निघत. त्याचं बुडबुड्यांचं गणितच जमून नाई राह्यलं."

पाहुणे पुढे सरकले. "आच एकदम वाढवत असशील. मंग फेस नळीत चढते. मंद ठेवजो, अन् टाकी काठोकाठ भरू नको."

प्रफुल्लनं तिथंच लॅपटॉप उघडून तसं करून पाहिलं आणि, खोटं नाही सांगत, गणित जुळलं! पोरगा त्यांच्या पायाच पडला.

मी मात्र माझा कप खाली ठेवला.

"भाऊ, तुमची पीएचडी कोन्त्या नाल्यावर झाली?"