साहेबांच्या हाताची दांडी

माझं गाव माणदेशातलं. बाप मेंढरामागं, आई बापामागं आन् मी दोघांच्या मागं, असं हिंडता हिंडताच मोठा झालो. छाती मापात बसली म्हनून केंद्राच्या पोलिसात भरती झालो, आन् पंजाब पेटला व्हता तवा आमची तुकडी चंदीगडला गेली. काय सांगू तुमास्नी, शहर कसलं, फुटपट्टीनं आखल्यावानी! रुंद रस्ते, रांगंत झाडं, आन् चौकाचौकात वाळूची पोती. खाली उतरा, डिकी उघडा, झोळीत काय हाय दावा. मोटारसायकलवर दोघं डबलसीट दिसले की आमचा हात बंदुकीवर जायचा, कारन मारनारी मानसं तशीच यायची आन् तशीच जायची. कॉलेजची पोरं बी तशीच जायची की! वळखायचं कसं?

तिथं मला सबनीस साहेबांचा अंगरक्षक केला. साहेब पुण्याचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात मोठे इंजिनेर. त्यांना धमकी आली व्हती, गाव सोडा न्हाईतर उडवतो. बायकापोरं त्यांनी पुण्याला धाडली आन् आपन ऱ्हायले. अंगरक्षक मराठी बोलनारा द्या म्हनाले, निदान घरात दोन शब्द मराठी कानावर पडतील. मानूस लाख, पन झोप न्हाई, जेवन न्हाई, बसल्या जागी गुडघा हालवायचे, फोन वाजला की दचकायचे. आन् मला तर त्यांच्यापास्नं हाताच्या अंतरावरनं हलायचा हुकूम नव्हता. एकाचं बघून दुसऱ्याला घोर, दुसऱ्याचं बघून पहिल्याला, असं आमचं चालल्यालं.

त्यांना नाद एकच, गोल्फ. हसू नका, मला बी आधी हसूच आलं, एवढा शिकल्याला मानूस पांढरा चेंडू हानतो आन् त्याच्याच मागं चालत जातो. त्याच्या काठ्या असत्यात, खाली लोखंडाचं टोक, वर पोलादाची दांडी, त्याला आयर्न म्हनत्यात. साहेबांच्या काठ्या जवानीतल्या. धमकी यायच्या आधीपास्नंच चेंडू खाली खाली आन् उजवीकडंच जायचा, कोपर दुखायचं. म्हनून ते नव्या दांड्या बसवायला काठ्या दुरुस्त करनाऱ्या एका म्हाताऱ्या सरदारजींकडं गेले, ज्यांना समदी पापाजी म्हनायची. पापाजी लई मऊ बोलायचे. त्यांना बी येता जाता नाक्यावर आमचे जवान उतरवून झाडती घ्यायचे, पन कधी तोंड वाईट केलं न्हाई त्यांनी.

पापाजींनी समजावलं, दांडी मारताना वाकती आन् चेंडूपाशी येऊन सरळ व्हती. हात जलद असंल तर कडक दांडी, सावकाश असंल तर नरम. सावकाश हाताला कडक दिली तर ती वाकतच न्हाई, चेंडू उजवीकडं पळतो. जलद हाताला नरम दिली तर लई वाकती, चेंडू डावीकडं पळतो. म्हनून आधी मारून बघायचं, मग ठरवायचं.

आता आली का पंचाईत? मारून बघायचं म्हंजी उघड्या रानात एका जागी उभं ऱ्हायाचं आन् एकामागनं एक चेंडू हानायचे. मला तर जीव टांगनीला. मानूस हालता असला तर बरा, असं आमचं शिक्षन. मी म्हनायचो साहेब चला, साहेब बास. ते म्हनायचे थांबा हो जाधव, अजून एक. आन् रोज निकाल येगळा. आज कडक बरी, उद्या नरम बरी, परवा दोन्ही न्हाई. पापाजी डोकं खाजवून म्हनाले, साबजी, तुमी रोज नवाच मानूस व्हऊन येता, मी दांडी कुनाच्या हाताची बसवू?

साहेबांनी काठी खाली टेकवली. मग माझ्याकडं वळून म्हनाले, जाधव, तुम्ही मागे उभे असता तोवर माझा हात माझा राहत नाही. तुमचा बूट वाजला की मला वाटतं, आलेच. जरा लांब जाता का?

मी म्हनलं न्हाई. हुकूम हाय. काय बरंवाईट झालं तर मी वहिनीसाहेबांना तोंड कसं दावू? ते म्हनाले, मग तुम्ही ज्याला जगवताय तो कोण आहे, ते तरी मला कळू द्या. तसं म्हनल्यावर मला गलबलून आलं. मैदानाच्या कडंला पत्र्याची शेड व्हती, तिच्यामागं मी जाऊन उभा ऱ्हायलो. साहेब दिसंनात, नुसता आवाज. आधी ठाक, ठाक, घाईघाईनं. मग जरा दमानं. मग लईच दमानं, मधी येळ जाऊन एक, मधी येळ जाऊन एक. माझा घाम निथळत व्हता. आन् आवाज बंदच झाला.

बंदूक घिऊन असा धावलो म्हनता! बघतो तर साहेब हिरवळीवर मांडी घालून बसल्याले, नरम दांडीची काठी मांडीवर, तोंडावर असा निवांतपना जसा मी कधी बघितलाच नव्हता. मला बघून तो निवांतपना गेला. मलाच वाईट वाटलं.

साहेबांनी नरमच बसवून घेतल्या. आन् दुसऱ्या दिवशी मी परत मागं, तर समदे चेंडू डावीकडं झाडीत. रोज तसंच. पापाजी म्हनाले बदलून देतो, कडक घ्या, सध्या तुमचा हात जलद हाय. साहेब म्हनाले, नको. भ्यायलेल्या माणसाच्या मापाची दांडी मी घेणार नाही. बदली व्हईपर्यंत ते झाडीतच हानत ऱ्हायले, पन त्यांनी त्या सोडल्या न्हाईत.

पुढं ते पुण्याला गेले, त्यालाबी आता वरसं झाली. मी पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, खेळ दावायला. मैदानावर गेलो, आन् सवयीनं मी त्यांच्याकडं पाठ करून झाडांकडं तोंड केलं. साहेब हसले, जाधव, आता इकडे बघा. मी वळलो. त्यांनी काठी उचलली, घाई न्हाई, गडबड न्हाई. आन् नेमकं तवाच तिकडं कुंपनापाशी माळी उठून उभा ऱ्हायला, माझी नजर तिकडं गेली. ठक्क असा ग्वाड आवाज तेवढा आला. पाहिलंत? एकदम सरळ, साहेब म्हनाले. व्हय साहेब, लई भारी, मी म्हनलं. डोळ्यांत पानी व्हतं त्यांच्या.

त्यांना त्यांचा हात घावला, देव त्यांना असंच ठेवो. मी घरी दारात बसलो की रस्त्याकडंच बघत ऱ्हातो, तर माझी बायको म्हनती, आता कोन येतंय हितं, बघत काय बसताय? मलाबी ठावं हाय कुनी येत न्हाई. पन नजर जातीच हो.